पुसून टाकलेला एक तास

ॲन आर्बरमधल्या आमच्या घराची डावीकडची भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे. भिंतीपलीकडे तेव्हा एक ब्राझीलच्या बाई राहत. वय पंचाहत्तरच्या आसपास, उंच, ताठ, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. त्यांचा मुलगा इथल्या एका प्रयोगशाळेत संशोधक होता. वडील गेल्यावर त्यानं आईला आपल्याजवळ आणलं होतं. दोन हिवाळे आम्ही दारापुढचा बर्फ बरोबरीनं काढला. तेवढ्या काळात त्या ब्राझीलमध्ये काय काम करायच्या, हे मी त्यांना एकदाच विचारलं.

"कॅमेऱ्याचं काम," त्या म्हणाल्या.

लग्नाबिग्नाची शूटिंगं करत असतील, असं मी धरून चालले. पुढं काही विचारलं नाही. मला ऑफिसचा कॉल होता.

त्यातल्या पहिल्या हिवाळ्यात माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. आई प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. सकाळी मी आणि नवरा कामावर जायचो, मुलगी शाळेत जायची, आणि आई खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. ऊन पडलं की शाल गुंडाळून बाहेरच्या पायरीवर. मग शेजारच्या बाई कॉफीचा कप घेऊन यायच्या आणि तिच्या शेजारी टेकायच्या. आईला इंग्रजी जेमतेम. बाईंचं इंग्रजी तुटक, आणि मराठीचा तर प्रश्नच नव्हता. तरी दोघी तासतासभर बसायच्या. आई मराठीत बोलायची, त्या आपल्या भाषेत. मला ते बरंच वाटायचं. माझ्या डोक्यावरचं एक काम त्या परस्पर करत होत्या.

इथल्या मराठी मंडळाला त्या वर्षी पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. मी मंडळाची सेक्रेटरी. पाडव्याला एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन दोन अंकी नाटक बसवायचं आणि तीनशे माणसांचं जेवण घरच्या लोकांनीच रांधायचं ठरलं होतं. आमच्या नेहमीच्या व्हिडिओवाल्यानं चार दिवस आधी कॅन्सल केलं. तेव्हा मला भिंतीपलीकडच्या बाई आठवल्या.

मी त्यांच्या दाराशी गेले आणि कार्यक्रम शूट कराल का म्हणून विचारलं.

"मी बऱ्याच दिवसांत कॅमेरा हातात घेतलेला नाही," त्या म्हणाल्या. "कशासाठी हवंय?"

"आठवण म्हणून."

"कुणाची आठवण?"

मला तो प्रश्न गमतीचा वाटला. "आमची सगळ्यांची," मी हसून म्हटलं. त्यांनी मान डोलावली. शूटिंगबद्दल माझ्याशी आणखी काही बोलल्या नाहीत. फक्त मी निघताना विचारलं, "तुमची आई येणार आहे ना?"

पाडव्याच्या दिवशी बाई आल्या त्या तळहातात मावेल एवढा कॅमेरा घेऊन. ट्रायपॉड नाही, दिवे नाहीत. आमच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "यार, हे काय? प्रोफेशनल आहे का ही?" मी म्हटलं, "चालेल हो, आपल्याला फुकट मिळतंय." पहिल्या अंकाची दहा मिनिटं बाई रंगमंचासमोर उभ्या होत्या. नंतर मी बघितलं तेव्हा तिथं कुणीच नव्हतं. मी प्रॉम्प्टिंगला अडकले होते, शोधायला जाता येईना. मध्यंतरात शाळेच्या स्वयंपाकघरात डोकावले तर बाई तिथं एका पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसल्या होत्या. समोर माझी आई परातीत भाजलेले दाणे घेऊन सालं काढत होती आणि बोलत होती. मला बघून ती थांबली.

"नाटक स्टेजवर आहे," मी बाईंना म्हटलं. जरा चढ्या आवाजातच.

"हो, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि कॅमेरा तसाच धरून राहिल्या.

दहा दिवसांनी त्यांनी मला एक छोटी हार्ड डिस्क आणून दिली. चाळीसेक मिनिटांची फिल्म त्यांनी स्वतः जुळवली होती, आणि सोबत शूट केलेलं सगळं मूळ चित्रीकरणही होतं. "आधी तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "भाषा मला येत नाही. एखादं वाक्य मी चुकीच्या ठिकाणी तोडलं असेल तर सांगा."

दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये मी गाडीत बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि इयरफोन लावून फिल्म बघितली. नाटक त्यात नव्हतंच जवळजवळ. नाटकाचा आवाज होता, लांबून, भिंतीपलीकडून येणारा. दिसत होते ते हॉलच्या मागच्या खुर्च्यांवर कोट न काढता बसलेले भारतातून आलेले आईवडील. विंगेत वाक्यं पुटपुटत साडीचा पदर पिनेनं अडकवणारी एक बाई. वरणाचं मोठं पातेलं दोघांनी मिळून उचलायचं होतं, ते कुठं धरायचं यावर चाललेली कुजबुज. आणि मग स्वयंपाकघर, आणि माझी आई. फिल्ममध्ये तिची नऊ मिनिटं होती. मूळ चित्रीकरणात जवळजवळ एक तास.

मी तो सगळा तास ऐकला. त्या दिवशीची मीटिंग चुकवली.

"बाई, तुम्हाला काही समजत नाही तेच बरं आहे," आई हसून सांगत होती. "समजलं असतं तर मी बोलले नसते."

मग ती बोलत गेली. हात दाण्यांत, नजर कधी परातीकडे, कधी कॅमेऱ्याच्या जरा वर, बाईंच्या चेहऱ्याकडे.

"सगळं आहे इथं. फ्रिज उघडला की अंगावर येतं इतकं सामान. साडेआठला सगळे जातात अन् मी खिडकीत बसते. साडेअकराला पोस्टवाला येतो. तो हात करतो, मी हात करते. तुम्ही आला नाहीत तर दिवसभराचं बोलणं तेवढंच. नात गोड आहे, पण तिला माझं समजत नाही अन् मला तिचं. लेकीनं शिकवलंच नाही नं तिला. वर्षाला चाळीस मुलांना मी वाचायला शिकवलं. घरातल्या एकीला चार वाक्यं नाही बोलायला शिकवू शकले."

ती थांबली, परात हलवून सालं वर आणली आणि फुंकर मारली.

"परवा ऑफिसचे पाहुणे आले होते. चहा गरम होता म्हणून मी बशीत ओतला. लेकीनं हळूच माझ्या हातातून बशी काढून घेतली अन् किचनमध्ये नेऊन ठेवली. काही बोलली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. वाईट नाही हो माझी लेक. कामाची आहे, हुशार आहे. तिला माझी लाज वाटते, एवढंच. मी ठरवलंय, पुन्हा नाही यायचं. गुडघे दुखतात म्हणून सांगीन. तिला वाईट नको वाटायला."

हे ऐकून मला रडू आलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे आणखी कुणी ऐकलंय का. स्वयंपाकघरात त्या वेळी आणखी कोण होतं? फिल्म मंडळाच्या सभेत दाखवली असती तर साठ-सत्तर मराठी माणसांनी ती बशी माझ्या हातात बघितली असती. आईचं काय झालं असेल, हा विचार बराच नंतर आला, संध्याकाळी गाडी पार्किंगमधून बाहेर काढताना. तोही मी घरात शिरताना बाहेरच ठेवला.

त्या आठवड्यात मी फिल्ममधला आईचा सगळा भाग काढला, आणि आईचाच कसा काढायचा म्हणून बाकीच्या आईवडिलांचाही काढला. नाटकाच्या त्या दहा मिनिटांतले तुकडे, जेवणाच्या पंगती, ग्रुप फोटो आणि वरून सनईचा आवाज, असा सहा मिनिटांचा व्हिडिओ तयार केला. कमिटीला तो खूप आवडला. शेवटी अक्षरं येतात त्यात संकलन म्हणून माझं नाव घातलं. बाईंचं नाव घातलं नाही. अध्यक्षांनी विचारलं, "शूट कोणी केलं लिहायचं?" मी म्हटलं, "शेजारच्या आहेत, हौस म्हणून करतात. त्यांना नाही हो नाव वगैरे लागत."

एवढ्यावर मी थांबायला हरकत नव्हती. पण मूळ चित्रीकरण बाईंकडे होतंच. म्हणून मी पुन्हा त्यांच्या दाराशी गेले. बरोबर आईनं केलेल्या चकल्यांचा डबा नेला. वाटेत वाक्यं जुळवली होती.

"कमिटीचा एक प्रॉब्लेम आहे," मी म्हटलं. "काही लोकांनी प्रायव्हसीबद्दल तक्रार केलीय. मला स्वतःला तुमचं काम फार आवडलं, पण नियम म्हणजे नियम. तुमच्याकडची कॉपी डिलीट करावी लागेल. सगळीच."

कमिटीनं काहीही म्हटलेलं नव्हतं. कमिटीनं ते बघितलंच नव्हतं.

बाई चकलीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. "तुमच्या आईची तक्रार आहे का?"

"नाही, नाही. आईची कशाला असेल?"

"ती एक तास बोलली. काय सांगत होती?"

"रेसिपी," मी म्हटलं. "दाण्याच्या कुटाची. कशात कशात घालतात, किती भाजायचे."

"लांब रेसिपी आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी लॅपटॉप आणला, टेबलावर माझ्या समोर उघडला आणि एकेक फाईल मला दाखवून पुसली. कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं, तेही पुसलं. काही राहिलंय का, असं मला विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी लॅपटॉप मिटला आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी डबा तिथंच ठेवून घरी आले आणि माझ्याकडची डिस्कही पुसली. आई तेव्हा आतल्या खोलीत नातीचे कपडे घड्या करत होती.

मे महिन्यात आई परत गेली. विमानतळावर म्हणाली, "गुडघे फार दुखून राहिले गं. आता एवढा प्रवास जमेल असं नाही वाटत." मी म्हटलं, "असं काय आई, बघू पुढच्या वर्षी." आम्ही दोघी खोटं बोलत होतो आणि दोघींपैकी एकीलाच ते माहीत होतं.

ऑक्टोबरमध्ये एकदा मुलीला घेऊन लायब्ररीत गेले होते. दाराजवळच्या फळ्यावर एक पोस्टर होतं. मिठागराच्या पांढऱ्या ढिगावर उभी असलेली एक उंच, तिशीतली बाई, खांद्यावर मोठा कॅमेरा, डोळे उन्हानं मिटलेले. खाली लिहिलं होतं की ब्राझीलच्या एका ज्येष्ठ दिग्दर्शिकेच्या चार चित्रपटांचा छोटा महोत्सव विद्यापीठाच्या थिएटरमध्ये होणार आहे, शेवटच्या संध्याकाळी त्या स्वतः बोलतील.

"दॅट्स द लेडी नेक्स्ट डोअर," मुलगी म्हणाली. "यू डिडंट नो?"

महोत्सवाची एक पुस्तिका तिथं ठेवलेली होती. मी ती घरी नेऊन दोनदा वाचली. बाईंचा जन्म ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मिठागरांच्या गावातला. वडील मीठ तोलणारे. सतराव्या वर्षी त्या रिओला गेल्या आणि एका स्टुडिओत कपडे शिवायला लागल्या. तिथून त्यांना दुसरं काम मिळालं. एका दृश्याचं शूटिंग आज अर्धं आणि उद्या अर्धं झालं तर नटाचा पेला कालच्याच हातात आहे ना, वरचं बटण तसंच उघडं आहे ना, हे वहीत टिपून ठेवायचं. नऊ वर्षं त्यांनी तेच केलं. मग संकलनाच्या टेबलावर बसल्या. एकतिसाव्या वर्षी, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर आणि दुसऱ्यांच्या शूटिंगमधून उरलेल्या फिल्मच्या तुकड्यांवर, त्यांनी आपल्याच गावच्या मीठ वाहणाऱ्या बायकांवर पहिला चित्रपट केला. तेव्हा तिकडे लष्कराचं राज्य होतं. सेन्सॉरनं त्यातली अकरा मिनिटं कापली. पुढची आठ-नऊ वर्षं त्यांना कुणी चित्रपट दिला नाही. त्या साबणाच्या जाहिराती करत राहिल्या आणि टीव्ही मालिकांचे भाग दिग्दर्शित करत राहिल्या, पण पडद्यावर नाव दुसऱ्याच कुणा पुरुषाचं यायचं. लष्कर गेल्यावर दुसरा चित्रपट झाला, एका बस कंडक्टर बाईवर. तिसरा अर्धा झाला आणि सरकारनं चित्रपटांना पैसा देणारं आपलं महामंडळच बंद करून टाकलं. ते रिळांचे डबे कित्येक वर्षं त्यांच्या पलंगाखाली पडून होते. तो पूर्ण झाला तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. चौथा साठीत. चारही चित्रपटांचं ध्वनिमुद्रण त्यांच्या नवऱ्यानं केलेलं. तो गेल्यानंतर त्यांनी काही केलं नाही, असं पुस्तिकेत लिहिलं होतं.

ते खरं नव्हतं, आणि ते मला एकटीला माहीत होतं.

शेवटच्या संध्याकाळी मी गेले. नवऱ्याला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. मागून तिसऱ्या रांगेत बसले. त्या दिवशी त्यांचा पहिला चित्रपट होता, मिठागराचा. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन मिठागराच्या कडेनं चालत होत्या, पायाला चिंध्या बांधलेल्या. मध्ये एक म्हातारी बाई दाराशी येऊन बसली आणि तिनं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पडदा काळा झाला. आवाजही गेला. थिएटरमध्ये कुणीतरी वळून प्रोजेक्टरकडे बघितलं. बराच वेळ तो काळोख तसाच राहिला. मग पुन्हा मिठागर आलं, आणि ती म्हातारी उठून आत जात होती.

नंतर बाई मंचावरच्या खुर्चीत बसल्या. एका विद्यार्थ्यानं त्या काळ्या पडद्याबद्दल विचारलं.

"तिथं अकरा मिनिटं होती," बाई म्हणाल्या. "ती आपल्या मुलाबद्दल सांगत होती. त्याला घरातून उचलून नेलं होतं. सेन्सॉरच्या ऑफिसातला माणूस माझ्या घरी आला. फार सभ्य होता. येताना केक घेऊन आला. म्हणाला, मला स्वतःला तुमचं काम आवडलं, पण वरून हुकूम आहे. मी कापून दिलं. नाहीतर संपूर्ण चित्रपट गेला असता. माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती."

मी खुर्चीचे हात धरून बसले होते.

"त्यानंतर असं पुन्हा कधी झालं?" त्या विद्यार्थ्यानं विचारलं.

बाई म्हणाल्या, "एकदा. इथंच, तुमच्या शहरात. एक म्हातारी बाई दाणे सोलत माझ्याशी तासभर बोलली. माझा नवरा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच कॅमेरा उचलला होता. तिची भाषा मला येत नाही. नंतर मला ते पुसायला सांगितलं, आणि मी पुसलं."

"का?"

"कारण ते सांगायला तिची मुलगीच आली होती. मला वाटलं, मुलीला तो हक्क असेल. आता तसं वाटतं की नाही, मला माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी तिथं आहे हे त्यांना माहीत असणंही शक्य नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी कोट उचलून बाहेर पडले.

चार दिवस मी त्यांच्या दारावरून गाडी नेली-आणली. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा तर त्या आत आहेत ना बघून ठेवला. शनिवारी सकाळी मात्र बेल वाजवली. या वेळी डबाबिबा काही नेला नव्हता.

त्यांनी कॉफी केली. मी सगळं सांगितलं: कमिटीची तक्रार नव्हती, रेसिपी नव्हती, नाव मी माझं घातलं. बोलताना माझं इंग्रजी अडखळत होतं. ऑफिसात वीस जणांसमोर बोलते तेव्हा ते अडखळत नाही.

"काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

मी इंग्रजीत सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "तिच्या भाषेत आधी."

मग मी त्या बाईंच्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या आईची वाक्यं आठवतील तशी मराठीत म्हटली. पोस्टवाला, नात, बशी. "तिला माझी लाज वाटते, एवढंच" हे वाक्य पहिल्या खेपेला म्हणता आलं नाही. दुसऱ्या खेपेला म्हटलं. मग सगळं इंग्रजीत सांगितलं. त्या ऐकत होत्या. त्यांचा चेहरा बदलला नाही.

"मी चाळीस वर्षं त्या सेन्सॉरवाल्यावर रागावले आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि तो चांगला माणूस होता. त्याला तीन मुली होत्या."

"मला माफ करा," मी म्हटलं.

"हे तुमच्या आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग तुम्ही चुकीच्या घरी आला आहात."

त्या उठल्या आणि कप धुवायला लागल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण बसा असंही त्या म्हणाल्या नाहीत. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. रविवार, तिकडे संध्याकाळ होती. मागं शेजारचा टीव्ही ऐकू येत होता. मी म्हटलं, "आई, पाडव्याच्या दिवशी तू त्या बाईंशी बोललीस नं, ते सगळं मी ऐकलं होतं. तेव्हाच. आणि पुसून टाकायला लावलं." आणि मग बशीचंही बोलले, कारण ते बोलल्याशिवाय बाकीच्याला काही अर्थ नव्हता.



"तिला समजत नव्हतं म्हणून बोलले मी," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, चोरी पकडली गेल्यासारखा. "कुणापाशी तरी बोलायचं होतं. तुला ऐकवायचं नव्हतं गं. तू मनाला लावून घेऊ नको."

म्हणजे लाज माझी होती आणि माफी आई मागत होती. मी काहीतरी बोलायला गेले, तर ती म्हणाली, "अन् पुसलं कशाला? तिनं एवढ्या मेहनतीनं काढलं होतं. बिचारी एकटीच हिंडत होती कॅमेरा घेऊन. माझ्या बडबडीपायी तिच्या कामाचं वाटोळं केलं मी."

"तू नाही आई. मी केलं."

"हो, तूच केलं," आई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला अशा गोष्टीत दुजोरा दिला.

मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं की त्या व्हिडिओवर बाईंचं नाव यायला हवं, त्या मोठ्या दिग्दर्शिका आहेत. अध्यक्षांनी आधी, "आता कशाला, कोण बघतंय यार," म्हटलं आणि मग त्या कोण आहेत हे कळल्यावर म्हणाले, "अरे, मग आधी सांगायचं नं. आपण सत्कार केला असता." त्यांची मूळ फिल्म कुठं आहे, असं एका काकूंनी विचारलं. तिथंही मी खरं सांगितलं, पण अर्धंच. मी पुसायला लावली एवढं बोलले. का, ते बोलले नाही. व्हिडिओवर नाव आलं. बाईंना मी ते जाऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते काढा. ती सहा मिनिटं माझी नाहीत." ते मला सुचायला हवं होतं. मी नाव काढलं.

पुढच्या वसंतात बाई ब्राझीलला परत गेल्या. मुलानं अडवून बघितलं. त्यांना तिकडच्या एका टीव्ही वाहिनीनं छोटी फिल्म करायला बोलावलं होतं, मिठागरांवरच, आता तिथं कोण उरलंय त्यावर. जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या आमच्या दाराशी आल्या. माझ्यासाठी काही नव्हतं. आईचा फोन नंबर हवा होता त्यांना. मी लिहून दिला. त्या दोघी आता महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करतात म्हणे. एकमेकींची भाषा न समजता काय बोलतात, मला माहीत नाही. मी आईला विचारत नाही.

त्याआधीच्या डिसेंबरात मी एकटीच तीन आठवडे नागपूरला जाऊन आले होते. आईबरोबर बाजारात गेले, तिच्या जुन्या शाळेत गेले, तिच्या मैत्रिणींसमोर बसले. मुलीशी ती रोज व्हिडिओवर मराठीतून बोलायची, मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची, मी मध्ये बसून दोन्हीकडे सांगायचे. ते मी बारा वर्षं आधी सुरू करायला हवं होतं. निघायच्या चार दिवस आधी मी विचारलं, "आई, येशील का पुन्हा? बोलू आपण, वेगळं करू काहीतरी."

"नाही," आई म्हणाली. सरळ. कुठलंही कारण दिलं नाही. मग जरा वेळानं, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तूच राहा नं अजून आठवडाभर."

माझ्या मॅनेजरनं निघतानाच सांगितलं होतं की हवी तर रजा वाढव, तिथून काम कर, काही हरकत नाही. तिकीट बदलायला पाच मिनिटं लागली असती. मी आईला म्हटलं, "नाही गं जमणार, सोमवारी ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज आहे." ती बरं म्हणाली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.